झाकणावरची टिचकी

काउंटरच्या काचेवर कुणी किल्लीने टकटक केलं की आधी माझे खांदे वर जातात आणि मग मी बघते, कोण आलंय. इतकी वर्षं चष्म्याच्या दुकानात काढली, तरी हे काही गेलं नाही. नेहमीच्या गिऱ्हाइकांना ते ठाऊक आहे, ती हाक मारतात. त्या दुपारी तर कुणी टकटकही केलं नव्हतं. मी एका आजोबांच्या नाकावर तपासणीची जड चौकट चढवून भिंगामागून भिंग घालत विचारत होते, हे बरं की ते, आणि आजोबा भिंतीवरच्या तक्त्याऐवजी माझ्या चेहऱ्याकडे बघून उत्तर देत होते. बहुतेक माणसं असंच करतात. मला काय ऐकायला आवडेल याचा अंदाज घेतात आणि ते म्हणतात, मग चुकीच्या नंबरचा चष्मा घालून घरी जातात आणि डोकं दुखतं म्हणून महिन्याभराने परत येतात. म्हणून मी तोंडावर काही दिसू न देण्याची सवय लावून घेतलीय. तसा निर्विकार चेहरा करून मी मान वळवली तर दारात खारूताई उभी होती. उजवा हात प्लास्टरमध्ये, गळ्यात झोळी, केस डाव्या हाताने कसेबसे बांधलेले. ती दुकानात कधी येत नाही. येते ती घरी, नानांकडे, आणि तेही रविवारी. मी म्हटलं, "अगं, हाताला काय झालं?" ती म्हणाली, "जिन्यावरून पडले. ते राहू दे ताई. तुझ्याकडे जरा वेळ आहे का? सरांच्या आधी तुझ्याशी बोलायचंय." हाताचं दुखणं सांगायला कुणी भर दुपारी असं येत नाही, हे मला तिथंच कळलं.

सर म्हणजे माझे वडील, नाना. खारूताई त्यांची विद्यार्थिनी. ती पहिल्यांदा त्यांच्या प्रयोगशाळेत आली तेव्हा तिच्या कोटाच्या खिशांतून बाटल्यांची बुचं, रबरी नळीचे तुकडे, पेन्सिलींची टोकं असं काहीही निघायचं, म्हणून नानांनीच ते नाव ठेवलं. आता तिच्या कानांजवळचे केस पांढरे झालेत, नाना निवृत्त झाल्यापासून ती प्रयोगशाळा तीच चालवते, मोठमोठी माणसं तिला मॅडम म्हणतात, आणि आमच्या घरात ती अजून खारूताईच आहे. आजोबांना मी दुसऱ्या दिवशी बोलावलं आणि तिला आतल्या खोलीत नेलं, जिथे भिंगांचे ट्रे आणि काच घासायचं यंत्र आहे. तिथल्या एकुलत्या स्टुलावर ती बसली आणि म्हणाली, "ताई, मासे घाबरत नाहीत."

कुठले मासे, हे तिला सांगावं लागलं नाही. त्या माशांवर आमच्या घराने बरीच वर्षं काढली होती. बोटाच्या पेरात मावतील एवढी, काचेसारखी आरपार पिल्लं. अंड्यातून नुकती बाहेर आलेली, जग न बघितलेली. बशीसारख्या पसरट भांड्यात पाणी, त्यात एका कडेला लपायला काळा आडोसा, वर झाकण. लाल दिवा लावला तर पिल्लं आपली मजेत फिरत राहतात. निळा दिवा लावला की सगळी एकदम आडोशाखाली पळतात. न शिकवता, न अनुभवता, एका रंगाची भीती घेऊनच ती जन्माला येतात, असा नानांचा आणि खारूताईचा शोध होता. नानांचा शेवटचा मोठा निबंध तो. नामांकित नियतकालिकात छापून आला, ठिकठिकाणच्या लोकांनी त्याचा आधार घेतला, पुढे तो कॉलेजच्या पाठ्यपुस्तकात चित्रासकट गेला. पुढच्या महिन्यात नानांचा सत्कार व्हायचा होता, त्याच्या पत्रिकेवरही तोच मासा होता.

"माझा हात मोडला ना," खारूताई म्हणाली, "तर मी सगळं डाव्या हाताने करत होते. निळा दिवा लावला आणि पिल्लं ढिम्म. मला वाटलं, आजारी आहेत. नवीन पिल्लं घेतली, तरी तेच. पाणी बदललं, दिवा बदलला. मग भांड्यावर वाकून बघताना लक्षात आलं की मला नीट दिसतच नाहीये. झाकणाला आतून थेंब धरले होते." ती थांबली. "ताई, निळ्या दिव्यात ते थेंब चमकतात. काही दिसू देत नाहीत. म्हणून आपण काय करतो, झाकणावर नखाने टिचकी मारतो, थेंब खाली पडतात, मग बघतो. आणि लाल दिव्यात थेंब चमकतच नाहीत, म्हणून टिचकी मारायची गरजच पडत नाही. उजवा हात प्लास्टरमध्ये होता, डाव्याने झाकण धरलं होतं. टिचकी मारायला बोटच नव्हतं मला."

मी यंत्राच्या चाकावर हात ठेवून उभी होते. ती पुढे सांगत राहिली. झाकण दुसऱ्या कुणाला धरायला लावून लाल दिव्यात टिचकी मारून बघितलं, पिल्लं पळाली. निळ्यात टिचकी न मारता बघितलं, फिरत राहिली. स्वतःवर भरवसा नको म्हणून शेजारच्या विभागातल्या, या कामाशी काही देणंघेणं नसलेल्या लोकांना बसवलं, त्यांना काही न सांगता करायला लावलं. तेच. मग तिने जुनी पत्रं काढली. हा प्रयोग बाहेर कितीतरी जणांनी करून बघितला होता. काहींना जमला, काहींना नाही, आणि ज्यांना जमला नाही त्यांना आम्ही मंडळी, म्हणजे तेव्हाचं अख्खं घर आणि प्रयोगशाळा, जरा कीव करून हसत असू, की यांना पाणीसुद्धा नीट राखता येत नाही. आता तिने नावं समोरासमोर मांडली. ज्यांना जमला ते सगळे कधी ना कधी नानांच्या हाताखाली शिकलेले होते. टिचकी मारायला नानांनी शिकवलेलं. लांबच्या एका माणसाने तर दोनदा पत्र पाठवून विचारलं होतं की माझं काय चुकतंय, आणि खारूताईनेच त्याला उलटटपाली लिहिलं होतं, हात बसावा लागतो. "त्याचा हात बसला नव्हता म्हणूनच त्याचं बरोबर होतं," ती म्हणाली. "काल त्याला पत्र टाकलं. माफी मागितली." हे ती इतक्या साधेपणाने म्हणाली की मला तिच्याकडे बघवेना. तिची बढती त्या निबंधावर झालेली, प्रयोगशाळेचं नाव त्याच्यावर, आणि हातात पुरावा आल्याबरोबर पहिलं काम तिने काय केलं, तर ज्याचा अपमान केला होता त्याला शोधून काढलं. मी तिच्या जागी असते तर प्लास्टर निघेपर्यंत तरी नक्कीच थांबले असते. कदाचित प्लास्टर निघाल्यावर सगळं पूर्ववत झालं याचा आनंद मानून गप्पही बसले असते.

ती बोलत होती आणि माझ्या कानात मात्र ती टिचकीच वाजत होती, दोनदा, मध्ये थोडी जागा सोडून. नखाचा तो आवाज मी जन्मापासून ओळखते. नाना कधी ओरडले नाहीत. हात उगारणं तर दूरच, घरात कुणाशी चढ्या आवाजात बोलल्याचं मला आठवत नाही. त्यांना बोलायचाच कंटाळा. जेवताना माझं लक्ष नसलं की ताटाच्या कडेवर टक टक. सकाळी माझ्या खोलीच्या दारावर टक टक, म्हणजे ऊठ. आणि संध्याकाळी गणिताच्या वहीवर. मी गणितं सोडवायची, ते शेजारी बसून दुसरंच काही वाचत असल्यासारखे दिसायचे, आणि माझं चुकलं की नेमकं त्या ओळीवर त्यांचं नख यायचं. काय चुकलं ते सांगायचे नाहीत. ते मी शोधायचं. मी शोधायची, पण बोट यायच्या आधीच माझे खांदे वर गेलेले असायचे, आणि पुढेपुढे तर बरोबर असलेली ओळही मी खोडायला लागले. आईला ते दिसायचं. ती मला छकुली म्हणायची, नानांदेखत मुद्दाम जरा मोठ्याने म्हणायची, आणि म्हणायची, तिला नावाने हाक मारा हो, ती काय दार आहे वाजवायला? नाना हसायचे आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा टक टक. ते विज्ञानात रमलेले आणि मी गणितातून पळून चष्म्याच्या दुकानात आले, यावरून मी कधी त्यांच्यावर रागावले नाही. मुळात मीच भित्री आहे, अशी माझी समजूत होती. तो निबंध छापून आला त्या दिवशी, आई गेल्यानंतरचं ते पहिलंच वर्ष, नानांनी जेवणाच्या टेबलावर मला त्यातला शेवटचा परिच्छेद सोप्या भाषेत समजावून सांगितला. काही प्रकारची भीती शिकावी लागत नाही, म्हणाले, ती घेऊनच प्राणी येतो, त्यात कुणाचा दोष नसतो. मी आत जाऊन नळ सोडून रडले होते. हलकं वाटून रडले होते. कुणाचा दोष नाही, माझाही नाही आणि त्यांचाही नाही, हे असं छापील, चित्रासकट, कुणीतरी हातात ठेवावं याचीच जणू मी वाट बघत होते. आणि आता समोर स्टुलावर बसून ही पोरगी ते माझ्या हातातून काढून घेत होती.

म्हणून मी म्हटलं, "सत्कार होऊ दे. ते म्हातारे झालेत गं. महिन्याने काय बिघडणार आहे?" मला वाटलं, मी नानांची बाजू घेतेय. खारूताईने माझ्याकडे बघितलं. तिचे डोळे सुजलेले होते, तिनेही हा विचार करून बघितलेला दिसत होता. "सत्कारात सरांच्या कामावर मला बोलायचंय," ती म्हणाली. "ताई, मी काय बोलू?" मी उगीच एका ट्रेमधली भिंगं सरळ करायला लागले. ती म्हणाली, "मला सरांची भीती नाही वाटत. त्यांना वाईट वाटेल याची वाटते. तू रविवारी घरी असशील ना?" जाताना तिने काउंटरवर ठेवलेली तिची पिशवी डाव्या हाताने उचलली आणि माझ्या खांद्यावर प्लास्टरचा हात नुसता टेकवला. तो दिवस संपेपर्यंत मी किती जणांचे नंबर काढले आणि ते बरोबर काढले का, देव जाणे.

रविवारपर्यंतचे दिवस मी नानांना निरखत काढले. एरवी आपण म्हाताऱ्या माणसाकडे औषध घेतलं का, पायात चप्पल आहे का, एवढ्यापुरतंच बघतो. ते खिडकीशी बसून सत्काराचं भाषण लिहीत होते. मध्येच थांबायचे, विचार करताना उजव्या हाताची पहिली दोन बोटं टेबलाच्या कडेवर यायची, टक टक, आणि पुन्हा लेखणी चालू. मी स्वयंपाकघरात असले तरी माझ्या हातातला चमचा थबकायचा. हे असं रोजच होत असणार, मी फक्त मोजलं नव्हतं. त्यांच्याबद्दल माझ्या मनात त्या दिवसांत काय काय येऊन गेलं. एकदा वाटलं, बरं झालं, कुणीतरी एकदाचं त्यांच्या ओळीवर बोट ठेवलं. लगेच स्वतःची लाज वाटली, कारण तेवढ्यात ते चष्मा कपाळावर चढवून तोच चष्मा टेबलावर शोधायला लागले होते.

रविवारी खारूताई लॅपटॉप घेऊन आली. मी चहा टाकायला आत गेले, पण दार उघडं ठेवलं. तिने प्रस्तावना वगैरे काही केली नाही. "सर, आपला माशांचा निबंध चुकलाय," म्हणाली, "मी दाखवते, तुम्ही बघा." आणि चित्रफिती लावल्या. नाना पुढे वाकले. लाल दिवा, टिचकी, पिल्लं आडोशाला. निळा दिवा, टिचकी नाही, पिल्लं मजेत. तिने तोंड उघडायच्या आत नाना म्हणाले, "लाल उजेडात थेंब दिसत नाहीत." मी चहाच्या भांड्याकडे बघत होते, दूध उतू गेलं तरी हलले नाही. मला वाटलं, आता ते म्हणतील की तुझे दिवे तपास, तुझं पाणी बघ. ते म्हणाले, "बाहेरच्या लोकांना बसवून केलंस?" ती म्हणाली, "हो सर." "कुणी कुणी?" तिने सांगितलं. "त्यांना ठाऊक होतं, काय शोधतोय ते?" "नाही सर." "चांगलं केलंस." मग ते म्हणाले, "आपल्या पोरांनाच तेवढं जमत होतं, नाही का?" आणि चक्क हसले, स्वतःवर, दात नसलेल्या बाजूने. "आणि मला केवढा अभिमान, की पोरांचा हात चांगला बसलाय."

मी ट्रे घेऊन बाहेर आले तेव्हा खारूताई रडत होती आणि नाना तिचा मसुदा वाचत होते. संपादकांना पाठवायचा मजकूर, निबंध मागे घेत असल्याचा. विभागातले काही जण म्हणत होते की मागे कशाला घ्यायचा, एक दुरुस्ती जोडून दिली तरी भागेल, हे तिने सांगितलं. नाना म्हणाले, "पायाच नाही तर दुरुस्ती कशाला जोडतेस? मागे घे." मग मसुद्यातल्या एका ओळीशी ते थांबले. "हे काय लिहिलंयस? 'प्रयोगादरम्यान अनवधानाने निर्माण झालेली यांत्रिक कंपनं.' कुठलं यंत्र? बोट आहे माझं." खारूताई म्हणाली, "सर, टिचकी आम्ही सगळेच मारत होतो." "शिकवली कुणी?" त्यांनी लेखणी मागितली आणि ती ओळ खोडून वर लिहिलं, अक्षर सुटं सुटं आणि वाचता येईल असं: झाकणावर नखाने टिचकी मारण्याची सवय ज्येष्ठ लेखकाची होती, त्यानेच ती आपल्या विद्यार्थ्यांना लावली, आणि तिचा परिणाम होत असेल ही शंका त्याला कधी आली नाही. त्याखाली त्या लांबच्या माणसाचं नाव घालायला सांगितलं, त्याचे आक्षेप बरोबर होते म्हणून. मी त्यांच्या मागे उभी राहून ते वाचलं. माझ्या वडिलांनी आयुष्यात बरंच लिहिलं, त्यातलं मला फारसं कळलं नाही, पण ती तीन ओळींची खाडाखोड मला अख्खी कळली, आणि इतकं सुरेख त्यांनी दुसरं काही लिहिलं असेल असं मला वाटत नाही. सत्काराचं काय, असं खारूताईने विचारलं. "होऊ दे की," ते म्हणाले. "माझं भाषण रद्दड झालंच होतं. आता बोलायला काहीतरी आहे."

आणि मग ते खिडकीबाहेर बघत विचारात पडले. खारूताई डोळे पुसून लॅपटॉप मिटत होती. मी वाकून त्यांच्यापुढे कप ठेवत होते. ते स्वतःशीच म्हणाले, "रंगाला भीत नाहीत तर. टिचकीला भितात. पण ती भीती जन्मतःची, का आपण रोज रोज वाजवून शिकवली?" आणि विचाराच्या भरात त्यांची दोन बोटं टेबलावर पडली. टक टक. कप बशीत खणखणला. चहा माझ्या मनगटावर आला. मी काही न झाल्यासारखं फडकं शोधायला लागले, आणि मान वर केली तर नाना माझ्याकडे बघत होते. हातावरच्या चहाकडे नाही. माझ्या खांद्यांकडे. असे ते भांड्यातल्या पिल्लांकडे बघायचे, श्वास रोखून, पापणी न हलवता, मी प्रयोगशाळेच्या दारातून बघितलंय. मी या वयाची बाई, केसांना रंग लावणारी, आणि त्यांच्यापुढे मी आरपार दिसत होते. त्यांची बोटं टेबलावरून पुन्हा उचलली गेली. एकदा दिसलं तर दिसलं म्हणायचं नाही, पुन्हा करून बघायचं, हा त्यांचा जन्माचा नियम, त्या नियमापायी त्यांनी विद्यार्थ्यांना रडकुंडीला आणलंय. ती बोटं तशीच हवेत राहिली. मग त्यांनी ती हळूच मुठीत मिटली आणि हात मांडीवर ठेवला. खारूताईला यातलं काही कळलं नाही. "भाजलं का गं?" तिने विचारलं. मी म्हटलं, "नाही, कोमट होता."

त्यानंतर दिवसभर ते नेहमीसारखेच होते. मसुदा पुन्हा वाचून झाला, खारूताई जेवून गेली, जाताना त्यांच्या पाया पडायला वाकली तर त्यांनी तिचा प्लास्टरचा हात धरून म्हटलं, "हा बरा झाला तरी त्या झाकणापासून लांब ठेव." संध्याकाळी त्यांनी भाषणाचे जुने कागद फाडले. माझ्याशी काही बोलले नाहीत आणि मीही विषय काढला नाही. आमच्या घरात कुणी असे विषय काढत नाही. झोपताना माझ्या मनात आलं की माझा तो परिच्छेद आता गेला, कुणाचा दोष नाही म्हणणारा. पण त्याच्या जागी जे आलं होतं त्याने माझे खांदे वर गेले नाहीत, याचं मला नवल वाटलं. शिकवलेली गोष्ट असेल तर ती सुटतही असेल, असं काहीतरी.

सकाळी मला नेहमीप्रमाणे टिचकीच्या आधीच जाग आली. लहानपणापासून हे असंच आहे, कान आधी उठतात. खिडकीत उजेड आला होता, खाली कुणीतरी दुकानाचं शटर वर करत होतं. पॅसेजमधून नानांच्या चपलांचा आवाज आला, दारापाशी थांबला. माझे खांदे आपोआप कानांजवळ गेले. आवाज आला नाही. दारापलीकडे त्यांचा श्वास ऐकू येत होता. त्यांनी घसा खाकरला, चपला जरा पुढे, जरा मागे झाल्या. काय करावं ते त्यांना कळत नसावं. या वयात कुणी काही नवीन शिकायला बसतं का? मी डोळे उघडे ठेवून छताकडे बघत होते. आणि मग त्यांच्या खर्जातल्या, या शब्दाला न बसलेल्या आवाजात, अडखळत, आईचा शब्द दाराबाहेरून आला.

"छकुले, उठलीस का?"

मी केव्हाची जागी होते. तरी ओ द्यायला थोडा उशीर केला, ते पुन्हा एकदा म्हणतील म्हणून.